साहेब आले की मला बाहेर काढायचे

मी एक जुना राउटर आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. मित्रांनो, तुमच्यात मूल पाच वर्षांचं झालं की त्याला शाळेत घालायची गडबड सुरू होते. आमच्यात राउटर पाच वर्षांचा झाला की त्याला भंगारात घालायची. मला मात्र जन्मल्याबरोबर शाळेत घातलं, आणि या पाच वर्षांपैकी जवळजवळ सगळी मी कपाटात काढली. तिथं मी काहीही काम केलेलं नाही. हे मी लाजून सांगत नाही आणि अभिमानानंही सांगत नाही. माझ्या हजेरीची नोंद शासनाकडे आहे आणि तिच्यानुसार मी एक दिवसही गैरहजर नव्हतो.

राउटर म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण हे शाळेतल्या बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेरून तारेतून इंटरनेट येतं. मी ते हवेत वाटतो. तार नसेल तर मी म्हणजे भिंतीत नुसता ठोकलेला नळ. माझ्या कपाळावर चार दिवे आहेत. पहिले तीन वीज मिळाली की हिरवे होतात. ते साधेभोळे आहेत, कशावरही खूश असतात. चौथा दिवा तेवढा खरं बोलतो. इंटरनेट असेल तर हिरवा, नसेल तर लाल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही आठशे भावंडं जन्मलो, त्यामुळे बारसं वगैरे झालं नाही. पोटावर एक आकडा चिकटवला आणि खोक्यात घातलं. तिथून एका सरकारी योजनेत माझी निवड झाली. 'निवड' हा शब्द मोठा वाटतो, पण आम्ही आठशेच्या आठशे निवडले गेलो.

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडून राईकडे जाताना खाडीच्या अंगाला पालिकेची एक मराठी शाळा आहे, सातवीपर्यंतची. नाव सांगत नाही, ओळखीची वाटली तर ती नव्हे असं समजा. राईतल्या मासेमारी आणि शेती करणाऱ्या घरांतली मुलं तिथं येतात, आणि त्याच शेतांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत ज्यांचे आईवडील कामाला येतात, ती मुलंही येतात. त्या शाळेत माझं मोठ्या थाटात आगमन झालं. मला ताटात ठेवलं होतं. शेजारी नारळ होता. एक पाहुणे आले, त्यांनी माझ्यावरची रेशमी फीत सोडली आणि म्हणाले, "आजपासून ही शाळा जगाशी जोडली गेली." टाळ्या झाल्या. फोटो निघाला. फोटोत डावीकडून तिसरा मी आहे, नारळ चौथा.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर गणिताच्या लिओनार्ड सरांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. हे सर उत्तनचे. त्यांचे वडील अजून होडीवर जातात, त्यामुळे कुठली दोरी कुठं बांधायची हे आधी बघायची त्यांना सवय आहे.

"ह्याची तार कुठाय?" त्यांनी मला घेऊन आलेल्या माणसाला विचारलं.

"तार आमच्याकडे नाही सर. आमची योजना उपकरणांची. तारेची योजना वेगळी."

"ती कधी?"

"प्रस्तावित आहे."

मित्रांनो, 'प्रस्तावित' या शब्दाचा अर्थ तुमच्या शब्दकोशात काय दिलाय मला माहीत नाही. माझ्या अनुभवानं त्याचा अर्थ कपाट असा होतो.

त्या लोखंडी कपाटाची किल्ली मुख्याध्यापिका मनोरमा बाईंच्या पर्सला पिनेनं अडकवलेली असायची. बाई मूळच्या गिरगावच्या, पंचवीस वर्षांपूर्वी मीरा रोडला राहायला आल्या. चौतीस वर्षांची नोकरी, त्यात एकदाही उशिरा नाहीत, असा त्यांचा लौकिक. त्यांनी मला त्याच दिवशी जडवस्तू नोंदवहीत चढवलं. शाळेत जे खाता येत नाही ते सगळं या वहीत चढवतात, आणि त्यातलं काही हरवलं किंवा फुटलं तर मुख्याध्यापकाच्या पगारातून कापून घेतात. म्हणून बाई वस्तूंवर फार माया करायच्या. माया केलेली वस्तू कपाटात जायची.

आत माझ्या आधीपासून एक पृथ्वीचा गोल होता. त्याच्यावरच्या दोन-तीन देशांची नावं मधल्या काळात बदलली होती, पण त्याला कुणी कळवलं नव्हतं. एक सूक्ष्मदर्शक होता. त्याला येऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्यानं अजून एकही सूक्ष्म गोष्ट पाहिली नव्हती. "सुरुवातीला त्रास होतो," तो मला म्हणाला, "मग डांबराच्या गोळ्यांची सवय होते."

वर्षातून काही वेळा मात्र माझा दिवस यायचा.

पहिला दिवस दसऱ्याचा. शाळेचे शिपाई ईश्वरमामा. राईचे, मुलांचे आणि माझेही मामा. दसऱ्याला ते घंटा, कात्री, संगणक आणि मी, सगळ्यांना ओळीनं मांडून पूजा करायचे. पहिल्या वर्षी त्यांनी मला वीज जोडली, पूजेच्या वेळी तरी मी जिवंत दिसावा म्हणून. माझे तीन दिवे हिरवे झाले आणि चौथा लाल.

"बाई, ह्याचा एक डोला लाल हाय," मामा म्हणाले. "दुखतंय वाटतं."

"असेल. तुम्ही पूजा आटपा, प्रसादाला पोरं थांबलीत."

मामांनी माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि ओल्या कुंकवाचा जाड टिळा नेमका त्या दुखऱ्या डोळ्यावर लावला. तो वाळला. पुढच्या दसऱ्याला त्याच्यावर दुसरा थर बसला. तेव्हापासून माझे फक्त तीन दिवे दिसायचे. तिन्ही हिरवे.

दुसरा दिवस साहेबांचा. महिपत साहेब केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळांची तपासणी त्यांच्याकडे. वर्षातून दोनदा यायचे. ते निघाल्याचा फोन आला की मामा मला कपाटातून काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, टिळा सोडून, कारण देवाचं पुसायचं नसतं, आणि बाईंच्या टेबलावर विणलेल्या रुमालावर बसवून वीज जोडायचे. साहेब आत यायचे, माझ्याकडे बघायचे, हातातल्या कागदावर 'इंटरनेट: चालू' असं लिहायचे आणि चहा घ्यायचे. त्यांचा काही दोष नव्हता. कागदावर लिहिलं होतं की दिवे लागलेत का पाहावे, आणि दिवे लागलेले होते.

तिसरा दिवस वार्षिक माहितीचा. दरवर्षी शाळेची माहिती संगणकावर भरायची असते: नळ किती, संडास किती, कुंपण आहे का. त्यात एक प्रश्न असतो, शाळेत इंटरनेट सुविधा आहे का? पहिल्या वर्षी बाई या प्रश्नापाशी बराच वेळ थांबल्या. 'नाही' दाबलं की चौकट लाल व्हायची आणि खाली विचारायची, कारण द्या. कारण काय देणार? ताटातला फोटो वर्तमानपत्रात आला होता. जगाशी जोडली गेलेली शाळा परत सुटली कशी, असं कुणी विचारलं तर? बाईंनी कपाटाकडे पाहिलं आणि 'होय' दाबलं. पुढची तीन वर्षं त्यांना थांबावं लागलं नाही. मागच्या वर्षीचं उत्तर संगणक आपणहून भरून ठेवायचा.

अशी चार 'होय' झाली.

तोवर खरं इंटरनेट लिओनार्ड सरांच्या खिशात होतं. सर स्वतःचा मोबाइल फळ्यावरच्या डस्टरला टेकवून ठेवायचे आणि सहावीची एकेचाळीस मुलं त्याच्याभोवती डोकी घालायची. पहिल्या रांगेला दिसायचं, दुसरीला ऐकू यायचं, तिसरी दुसरीला विचारायची. एकदा ज्वालामुखी दाखवत होते. तीन दिवस दाखवत होते, कारण रोज तो धुमसायला लागला की सरांचा डेटा संपायचा.

"सर, फुटला का?" मागून आवाज यायचा.

"उद्या फुटेल. वह्या काढा."

हे मला कपाटात ऐकू यायचं. मित्रांनो, भिंतीपलीकडे मुलं तहानलेली आहेत आणि आपण नळ आहोत, ही भावना फार चांगली नसते.

यंदा जानेवारीत शासनाचा नवा निर्णय आला. ज्या शाळांत इंटरनेट नाही तिथं शासन स्वतःच्या खर्चानं तार आणणार, तीन वर्षांचं भाडं भरणार, आणि जूनपासून आठवड्यातून दोनदा शहरातल्या चांगल्या शिक्षकांचे तास थेट वर्गाच्या भिंतीवर दाखवणार, मुलांना तिथल्या तिथं प्रश्न विचारता येणार. निर्णय चांगला होता. शासनाचा निर्णय चांगला असला तर तसं सांगावं. सारखी टिंगल करणं बरं नाही. निर्णयासोबत पात्र शाळांची यादी होती. लिओनार्ड सर ती मोबाइलवर वाचत बाईंच्या खोलीत आले. तो सोमवार होता.

"बाई, आपलं नाव नाही."

"दुसऱ्या पानावर बघा."

"तिन्ही पानं बघितली. आजूबाजूच्या सगळ्या शाळा आहेत. आपण नाही, कारण आपल्याकडे इंटरनेट आहे ना."

"आपल्याकडे कुठंय?"

"तेच ना बाई. कपाटात."

मग सरांनी पुढचं सांगितलं. यादीत नाव घालायचं असेल तर शुक्रवारी पाचच्या आत दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. अर्जावर मुख्याध्यापकांनी सही करायची की, 'माझ्या शाळेत इंटरनेट सुविधा नाही व यापूर्वी कधीही नव्हती.' खाली केंद्रप्रमुखांची सही.

"कधीही नव्हती," बाई म्हणाल्या. "चार वर्षं ज्या हातानं 'आहे' केलं, त्याच हातानं?"

"तर काय."

"सर, एकतीस मेला मी रिटायर होतेय. चौकशी लागली की पेन्शनचे कागद थांबतात. माझ्या मैत्रिणीचे दोन वर्षं थांबले होते. एका हार्मोनियमवरून. आणि ती हार्मोनियम सापडली शेवटी."

"मी सही करू का बाई?"

"तुमच्या सहीला कोण विचारतंय? तुम्ही मुख्याध्यापक नाही." मग म्हणाल्या, "जूनमध्ये माझ्या जागी जे कोण येतील ते करतील. त्यांच्या नावावर काही नाही. त्यांना सोपं जाईल."

"जूनमध्ये यादी बंद झालेली असेल. सहावीची ही पोरं सातवीत जातील आणि सातवी झाली की शाळेतूनच जातील. त्यांच्या वाट्याला काय, माझा मोबाइल?"

"तुमचा मोबाइल चांगला आहे."

"हो. ज्वालामुखी सोडला तर."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. लिओनार्ड सर बाईंना याहून जास्त उलट बोलत नाहीत, म्हणून ते उठून गेले. पण अर्ज टेबलावर ठेवून गेले.

मंगळवारी अर्ज टेबलावर होता. बुधवारीही होता, बाईंनी त्याच्यावर सहावीच्या चाचणीच्या वह्यांचा गठ्ठा ठेवला, तो दिसू नये म्हणून. मग त्या वह्याच तपासायला घेतल्या. मराठीचा निबंध होता, 'आमची शाळा'. असे निबंध बाईंनी आयुष्यात काही हजार तपासले असतील. त्यांचा लाल पेन आपोआप चालायचा. एका वहीवर तो थांबला. वही सलोनीची होती. राईची मुलगी, वडील खाडीत जाळी लावतात. वर्गात फार बोलत नाही, पण बघते पुष्कळ.

"ईश्वर," बाईंनी हाक मारली, "हे ऐका जरा."

मामा झाडू घेऊन दारात उभे राहिले. बाईंनी वाचलं:

"'आमच्या शाळेत सात वर्ग आहेत. आमच्या शाळेत एक चिंचेचे झाड आहे. आमच्या शाळेत इंटरनेट आहे. ते कपाटात असते. साहेब येणार असले की ईश्वरमामा त्याला पुसून टेबलावर ठेवतात व त्याचे दिवे लावतात. साहेब गेले की ते परत कपाटात जाते. दसऱ्याला आम्ही त्याची पूजा करतो. माझ्या आईने विचारले, तुमच्या इंटरनेटचा उपयोग काय? मी सांगितले, त्याने साहेब खूश होतात. मला माझी शाळा फार आवडते.'"

मामांनी झाडू दाराला टेकवला.

"पोरगी खोटं न्हाय बोलली, बाई."

"तेच तर बघतेय. चूक कुठंय ते शोधतेय."

बाईंनी निबंध पुन्हा वाचला. लाल पेन प्रत्येक ओळीवरून फिरला आणि कुठंही टेकला नाही. मित्रांनो, मी त्यांना चार वर्षं रोज पाहत होतो, कपाटाच्या फटीतून का होईना. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी शाळेचा एक खडू कधी घरी नेला नाही. त्यांनी फक्त एकदा, एका लाल चौकटीला घाबरून, 'होय' दाबलं होतं, आणि मग ते 'होय' त्यांच्या मागं मागं येत राहिलं. तुम्हीही कधी न केलेल्या गृहपाठाला 'हो, केलाय' म्हणाला असाल. तेव्हा बाईंना फार हसू नका.

गुरुवारी महिपत साहेब आले. दुरुस्ती अर्जांच्या पडताळणीसाठी फिरत होते. फोन आल्याबरोबर मामांनी सवयीनं मला काढलं, पुसलं, रुमालावर बसवलं, वीज जोडली. तीन हिरवे दिवे लागले. साहेब खुर्चीत बसले आणि माझ्याकडे पाहून समाधानानं मान हलवली.

"तुमचं काही टेन्शनच नाही मॅडम. सकाळपासून चार शाळा केल्या, सगळीकडे नन्नाचा पाढा. तुमच्याकडे आलं की बरं वाटतं."

बाईंनी पाण्याच्या ग्लासात हातरुमाल बुडवला आणि माझ्या चौथ्या डोळ्यावर धरला. चार दसऱ्यांचं कुंकू होतं. घासावं लागलं. रुमाल लाल झाला, आणि मग खाली दिवाही लालच निघाला.

"हे काय?" साहेब पुढं झुकले. "नवीन बसवलं का?"

"जन्मापासून आहे साहेब. इंटरनेट नसलं की हा दिवा लागतो."

"म्हणजे आज बंद आहे."

"आजच नाही. याला तारच नाही."

साहेबांनी माझ्या मागं हात घालून पाहिलं. विजेची वायर होती, बाकी भोकं मोकळी होती. ते परत खुर्चीला टेकले.

"मॅडम, ह्याच्यावर माझ्या चार सह्या आहेत."

"आठ. तुम्ही वर्षातून दोनदा येता."

मामांनी न सांगता चहा आणून ठेवला. साहेबही तसे दुष्ट नव्हते. त्यांची नोकरी अजून दोन वर्षं होती आणि त्यांना रक्तदाब होता. त्यांनी चहा संपवला आणि हळू आवाजात तोडगा काढला.

"असं करा. 'होतं, मध्यंतरी बंद पडलं' असं लिहा. तुमचंही राहतं, माझंही राहतं."

"सर, जरा आत या," बाईंनी लिओनार्ड सरांना बोलावलं. सरांनी अर्ज मागून-पुढून वाचला होता.

"साहेब, बंद पडलेल्यांची यादी वेगळी आहे," सर म्हणाले. "ती दुरुस्तीच्या योजनेत जाते."

"मग जाऊ दे की. दुरुस्ती होईल."

"त्या योजनेला निधी नाही अजून."

"प्रस्तावित असेल."

"हो. प्रस्तावित आहे."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? मी तीन दिव्यांनी आशावादी होतो आणि एका दिव्यानं स्पष्टवक्ता.

बाईंनी पर्स उघडून पेन काढला आणि अर्जावर सही केली. छोटीशी, स्वच्छ. मग अर्ज साहेबांपुढं सरकवला.

"'कधीही नव्हती'," साहेबांनी वाचलं. "मॅडम, 'कधीही' काढता नाही येणार? नुसतं 'नव्हती' ठेवलं तर?"

"छापलेलं आहे साहेब."

"चौकशी लागेल. तुम्हाला मेमध्ये जायचंय. मी तुमच्या भल्याचं बोलतोय."

"माहितेय मला. तुम्ही हे वाचा." बाईंनी सलोनीची वही उघडून त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी निबंध वाचला. मग चष्मा पुसून एक ओळ परत वाचली. कुठली, ते त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

"ह्या मुलीला किती मार्क दिलेत?"

"दहापैकी नऊ."

"एक कुठं गेला?"

"निबंधाला पैकीच्या पैकी देत नाही आम्ही."

साहेबांनी सही केली. जाताना मात्र त्यांना एक शंका आली, आणि ती अगदी कायदेशीर होती. इंटरनेट कधीही नव्हतं, तर हा राउटर शाळेत कसा? म्हणून जडवस्तू नोंदवहीत माझ्या नावावर लाल शाईनं आडवी रेघ मारण्यात आली, पुढं 'निर्लेखित' असं लिहिलं. निर्लेखित म्हणजे वहीतून वजा. कारणाच्या रकान्यात सहसा 'वापरामुळे झीज' असं लिहितात. बाईंनी लिहिलं, 'वापराअभावी'.

तर मित्रांनो, चार वर्षं मी कागदावर होतो आणि कामावर नव्हतो. त्या गुरुवारपासून कागदावरही नाही. सूक्ष्मदर्शक म्हणाला, तू सुटलास.

शुक्रवारी अर्ज गेला. पुढच्या महिन्यात सुधारित यादीत शाळेचं नाव आलं. एप्रिलमध्ये बाईंना नोटीस आली, चार वर्षं चुकीची माहिती का भरली याचा खुलासा करा. महिपत साहेबांनाही आली. साहेबांनी आठ पानी खुलासा दिला. बाईंनी तीन ओळींचा दिला: 'माहिती चुकीची होती. चूक माझी होती. कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती.' एकतीस मेला त्यांना शाल आणि नारळ मिळाला, भाषणं झाली. पेन्शनचे कागद मात्र चौकशी संपेपर्यंत थांबले. त्यांनी पर्सची पिन काढून किल्ली लिओनार्ड सरांच्या हातावर ठेवली. तेच आता प्रभारी मुख्याध्यापक.

जूनमध्ये तार आली. ती घेऊन पेणकरपाड्याचा पिंटू नावाचा लाइनमन आला. सोबत नवाकोरा राउटर होता, चार शिंगांचा, म्हणजे चार अँटेनांचा. मला मान्य आहे, मला वाईट वाटलं. त्याला बाईंच्या जुन्या खोलीत बसवलं, त्याचा चौथा दिवा हिरवा झाला, सगळे आनंदले. मग सातवीच्या वर्गात जाऊन पाहिलं, तर तिथं काहीच पोचत नव्हतं.

"सर, ये दीवार देखो, दो फूट की है," पिंटूनं भिंतीवर चापट मारली. "पुराना बांधकाम. सिग्नल उधर जायेगाच नहीं. कोई पुराना राउटर पडा है क्या? इधर से तार खींच के उधर लगा देगा."

"है," लिओनार्ड सर म्हणाले. "पर कागज पे नहीं है."

"कागज पे किसको चाहिए सर. दीवार पे चाहिए."

मित्रांनो, माझ्याबद्दल आजवर बरीच भाषणं झाली. त्यातलं मला आवडलेलं हे एकच.

मी आता सातवीच्या वर्गात फळ्याच्या वर, डावीकडे आहे. माझे चारही दिवे हिरवे आहेत. पहिल्या आठवड्यात माझ्यावर खडूची इतकी धूळ बसली की मला शिंका येतील असं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुटीत चेंडू लागला आणि माझं एक शिंग कायमचं वाकडं झालं. शाईचे दोन ठिपके आहेत. मागं एक पाल राहते. दुपारी मी इतका तापतो की ईश्वरमामा हात लावून म्हणतात, "ह्याला ताप हाय." ताप नाही, काम आहे.

लिओनार्ड सरांनाही एकदा मोह झाला. पहिली जोडून सुटी आली, तेव्हा ते नव्या राउटरला उपटून, छातीशी धरून कपाटापाशी उभे राहिले. आता नोंदवही त्यांच्या नावावर होती ना. मामांनी झाडता झाडता नुसतं म्हटलं, "सर, आत गर्दी हाय आधीच." सर दोन मिनिटं उभे राहिले. मग राउटर परत भिंतीवर गेला, आणि जागा करायची म्हणून सूक्ष्मदर्शक बाहेर आला. त्यानं त्याच आठवड्यात कांद्याचा पापुद्रा पाहिला. अजून बोलण्याच्या स्थितीत नाही.

माझ्यासारख्यांनी गोष्ट संपवताना काहीतरी मागायचं असतं. आम्हाला जपा, असं बहुतेक जण मागतात. मी नेमकं उलटं मागतो. आम्हाला फार जपू नका. धूळ पुसा, पाणी सांडू नका, आणि बाकी वापरा. वापरता वापरता आम्ही मोडलो तर वहीत खरं कारण लिहा. आणि कुणी विचारलं, तुमच्याकडे हे आहे का, तर आधी त्याची तार बघून या आणि मग उत्तर द्या. 'नाही' म्हणायला लाज वाटली तरी चालेल. लाज दोन दिवस टिकते.

एवढं सांगून थांबणार होतो, पण परवाचं सांगायचं राहतंय.

परवा मनोरमा बाई आल्या होत्या. पालिकेच्या कचेरीत कागदांची विचारपूस करायला भाईंदरला आल्या होत्या, तिथून रिक्षानं इकडे. कागद अजून वरच्या टेबलावर आहेत म्हणे. सातवीत तेव्हा तास चालू होता. भिंतीवर शहरातल्या एक बाई शिकवत होत्या आणि आमची मुलं त्यांना एकामागून एक प्रश्न विचारत होती. मनोरमा बाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चौतीस वर्षं त्या दारात आल्या की वर्ग एका झटक्यात उभा राहत असे. परवा एकही मूल उठलं नाही. कुणाला दिसल्याच नाहीत त्या.

लिओनार्ड सरांना दिसल्या. ते गडबडीनं काही बोलणार होते. बाईंनी बोट ओठावर ठेवून त्यांना गप्प केलं.

शेवटच्या बाकाच्या कडेला सलोनी बसली होती. तिला नुसतं कळलं की कुणीतरी शेजारी उभं आहे. तिनं भिंतीवरची नजर न काढता बूड सरकवून जागा केली. बाई बसल्या, कागदांची पिशवी मांडीवर घेतली. सलोनीनं तशीच, न बघता, आपली वही दोघींच्या मध्ये ओढली.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि परत लावून भिंतीकडे पाहायला लागल्या.